सहलीला नेलेली बाई

(गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही घरची सहा माणसं आठ दिवस लंडनला जाऊन आलो. राजवाड्यांचं वर्णन मी करणार नाही, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. मला बोलायचं आहे ते सहलीत काम कोण करतं, याबद्दल.

सहल म्हणजे सगळ्यांना सुट्टी, असं आपण धरून चालतो. बाहेरचं खाणं परवडणारं नव्हतं, म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली. झालं! सकाळी सहाला मी आणि सून पोळ्या लाटायला उभ्या. शिवाय सासूबाईंच्या गोळ्या, नातीचे जादा कपडे, पाण्याच्या बाटल्या. टॉवर ऑफ लंडनला पोचेपर्यंत आम्ही दोघी दमलेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही जाहीर केलं की उद्यापासून डबा मुलगा आणि त्याचे वडील करतील. मग रोज ब्रेड-जॅम मिळाला, पण कोणी उपाशी राहिलं नाही.

शहरात बाया कुठे दिसतात, हेही मी बघत होते. पार्लमेंटसमोरच्या चौकात अकरा पुरुषांचे पुतळे होते, गांधीजींचा २०१५ साली बसवलेला पुतळाही त्यातच. पहिली बाई तिथे आली २०१८ साली. बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्यभर झगडलेली मिलिसेंट फॉसेट. जवळच व्हाइटहॉलच्या रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांचं स्मारक आहे, २००५ सालचं. त्यावर खुंट्यांना अडकवलेले कपड्यांचे सतरा जोड कोरलेत. कामाचे कपडे आहेत, आत बाई नाही. सासूबाई म्हणाल्या, "काम झालं, कपडे ठेवा आणि घरी जा, असंच ना?" यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

एक दिवस मी माझ्यासाठी मागून घेतला. मला पूर्वेकडच्या हॅक्नी भागात किंग एडवर्ड्स रोडवर जायचं होतं. "तिथे बघायला काय आहे?" असा प्रश्न आलाच. खरंच, एक साधं घर आहे, दार बंद, भिंतीवर निळी गोल पाटी. पण १९०० सालापासून या २६ नंबरच्या घरात 'आयांचं घर' होतं. १९२१ साली ते त्याच रस्त्यावर ४ नंबरला गेलं.

साहेबांची कुटुंबं हिंदुस्थानातून विलायतेला निघाली की मुलं सांभाळायला आया बरोबर घेत. बोटीवर आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस पोरं सांभाळायची. बंदर आलं की अनेकींची गरज संपली. परतीचं तिकीट न देता कित्येकींना तिथेच सोडून दिलं गेलं. बोटींच्या याद्यांत पुष्कळदा त्यांचं नावही नसे, अमक्या मडमेची आया एवढंच. या घरात वर्षाला शंभराच्या आसपास बाया राहून जात. परत जाणारं दुसरं कुटुंब मिळालं की त्यांची पोरं सांभाळत घरी जायचं, म्हणजे परतीचा प्रवासही काम करूनच. 'आया' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला. ती पाटी २०२२ साली लागली, फरहाना मामूजी या तरुण बाईने पाठपुरावा केला म्हणून.

ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. आपल्या गटातल्या एका बाईला एका कुटुंबाने दुबईला सहलीला नेलं. पासपोर्ट मालकिणीच्या पर्समध्ये. बारा दिवस ती हॉटेलच्या खोलीत बाळाजवळ होती. दुबई तिने खिडकीतून पाहिली. पगार वाढवून मागितला तर उत्तर मिळालं, "फुकट विमानात बसवलं ना?"

ब्रिटनमध्ये मालकाबरोबर येणाऱ्या घरकामगार बायांना लढून १९९८ साली मालक बदलण्याचा हक्क मिळाला. २०१२ साली तो काढून घेतला. २०१६ साली थोडा परत दिला, पण व्हिसाच्या सहा महिन्यांपुरताच. म्हणजे छळणाऱ्याचं घर सोडलं तरी पुढे उभं कुठे राहायचं? आपल्याकडे २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. घरकामगारांबद्दलचा २०११ सालचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार मात्र भारताने अजून मान्य केलेला नाही, ब्रिटननेही नाही.

म्हणून आपल्या मागणीपत्रकात एक कलम घालावं असं मी सुचवते. कामवाल्या बाईला सहलीला न्यायचं तर कामाचे तास आणि जादा पगार आधी लिहून द्यावा. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट तिच्याच हातात असावं. आठवड्यातला एक दिवस तिचा असावा, शहर बघायला. आणि हे कलम आधी आपण आपल्या घरात पाळावं, कारण आपल्यापैकी अनेकजणींकडे बाई कामाला आहे. यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते आता बोलूया.