यवतेश्वरचा घाट
(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला ‘शिक्षण आणि आरोग्य’ असा विषय दिला होता. वास्तविक या विषयावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा त्यांची परवानगी घेऊन मी मला घडलेली एक हकीकत सांगतो. तीत शिक्षणही आहे आणि आरोग्यही आहे. कोणते किती, हे आपण ठरवावे.

माझा एक मित्र आहे. कराडात त्याची बेकरी आहे. आम्ही पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. बीजगणिताचे उदाहरण तो तोंडी सोडवी आणि मी वहीत खाडाखोड करीत बसे. दहावीच्या वर्षी त्याचे अब्बा अंथरुणाला खिळले. भट्टी विझू देणे घराला परवडणारे नव्हते. सहामाही परीक्षेनंतर तो शाळेत आला नाही. त्या पुढची हकीकत मी थोड्या वेळाने सांगेन, कारण ती सांगणे मला आजही जड जाते.

२०२३ साली माझ्या रक्तातील साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितले, औषध नंतर पाहू, आधी पाय हलवा. रमजान ईदच्या दिवशी, म्हणजे २२ एप्रिलला, तो शिरखुर्मा घ्यायला आमच्या घरी आला असता मुलांच्या आईने माझी तक्रार त्याच्यापुढे मांडली. तो म्हणाला, “मास्तर, उद्यापासून फज्रनंतर बेकरीपाशी ये. मी रात्रभर भट्टीपुढे उभा असतो, मलाही मोकळी हवा हवीच आहे.” आणि लगेच पुढे म्हणाला, “नुसते चालून तुझा कंटाळा वाढेल. साताऱ्याच्या डोंगरावरच्या शर्यतीत नाव घालू.”

साताऱ्याची ही अर्ध-मॅरेथॉन २०१२ पासून पावसाळ्याच्या अखेरीस भरते. अंतर २१ किलोमीटर आणि वर सुमारे शंभर मीटर. हा विचित्र आकडा कोठून आला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर ठेवले गेले, १९२१ मध्ये तेच कायम ठरले, आणि त्याचे निम्मे ते हे. साताऱ्यात मात्र खरी गंमत अंतराची नाही, चढाची आहे. गाव ओलांडून समर्थ मंदिर मागे पडले की यवतेश्वरचा घाट लागतो. साधारण निम्मी वाट चढायची आणि त्याच वाटेने उतरायचे.

सुरुवातीस मला दोन किलोमीटरही धावता येईना. मित्राने एकच नियम घातला : पळताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही. हे नियम जाणकार धावपटूही सांगतात, हे मला मागाहून कळले. त्याने ते कोठून मिळवले, कोण जाणे. रविवारी आम्ही आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत असू. बकरी ईदच्या आठवड्यात खंड पडला, तो त्याने पुढच्या आठवड्यात भरून काढू दिला नाही. म्हणाला, “राहिलेले पीठ दुसऱ्या दिवशीच्या पिठात कोंबले की सगळाच घाणा बिघडतो.”

मोहल्ल्यात चर्चा झालीच. या वयात अर्धी चड्डी घालून रस्त्याने पळणे शिक्षकाला शोभते काय, असे एका बुजुर्गांनी मला मशिदीच्या पायरीवर विचारले. चड्डी गुडघ्याखाली होती हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. नंतर मी त्यांना हदीसमधील एका प्रसंगाची आठवण दिली : प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात हजरत आयेशा यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती आणि त्या जिंकल्या होत्या, पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित जिंकले. ते गृहस्थ हसले आणि माझी सुटका झाली. मुलींना खेळाच्या तासाला चिठ्ठी देऊन घरी बोलावणाऱ्या पालकांनीही हा प्रसंग ध्यानात घ्यावा, एवढे जाता जाता सांगतो.

शर्यतीच्या दिवशी आम्ही पावाच्या टेम्पोतून साताऱ्यास गेलो. फज्रची नमाज तेथेच एका मशिदीत पढलो. आमचा करार असा होता की, सुरुवातीपासून शेवटापर्यंत बरोबर राहायचे. हजारो माणसे होती, ढोल-ताशे होते, रिमझिम पाऊस होता. घाट सुरू झाला तसा मित्र पावले मोजू लागला. दोनशे पावले धावायची, शंभर चालायची. मला ते मानवेना. आमच्याहून वयस्क माणसे पुढे निघून जात होती. मी म्हणालो, “मी जरा पुढे होतो, वर थांबतो.” तो म्हणाला, “जा.”

वर मी थांबलो नाही. वळणाच्या जागी खुणेला वळसा घातला आणि उताराला लागलो. धुक्यातून खाली सातारा दिसत होते, समोर अजिंक्यतारा होता, पायांत वारे शिरल्यासारखे झाले होते. चढून येणारा मित्र मला दिसला, त्याने हात केला. मीही केला आणि तसाच पुढे गेलो.

उतार हा चढापेक्षा दगाबाज असतो. चढताना दम लागतो, म्हणून माणूस आपोआप सावध होतो. उतरताना दम लागत नाही, परंतु प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या स्थितीत झेलावा लागतो, आणि ते आतल्या आत फाटत-थकत जातात. सतरा किलोमीटर झाले असतील नसतील, माझ्या उजव्या मांडीत गोळा आला, मागोमाग डाव्या. मी घाटाच्या कठड्यावर बसलो. उभे राहता येईना.

पंधरा-वीस मिनिटांनी मित्र आला. त्याची चाल तीच होती, तोंडात आकडेही तेच असावेत. तो सरळ निघून गेला असता तर मला काही म्हणण्याचा अधिकार नव्हता. तो थांबला, गुडघे टेकून माझ्या मांड्या चोळू लागला. खिशातून खजूर आणि मीठ-साखरेची पुडी काढली, पाणी घेतलेल्या एका मुलाकडून घोटभर मागून पुडी त्यात ढवळली. माझ्यावर एका शब्दानेही रागावला नाही.

तेव्हा मी त्याला म्हणालो, “तुझा सतरा नंबरचा फॉर्म मी आणला नव्हता.”

पालकांपैकी अनेकांना ठाऊक आहे की शाळा सुटलेल्या मुलाला दहावीला बाहेरून बसण्यासाठी हा फॉर्म भरावा लागतो. त्याने शाळा सोडली तेव्हा मी त्याला वचन दिले होते की रोज संध्याकाळी वह्या आणून देईन आणि पुढच्या वर्षी फॉर्मही आणून देईन. वह्या मी महिनाभर नेल्या. पुढे मी पास झालो, कॉलेजात गेलो, नवे मित्र मिळाले. फॉर्मची तारीख मला माहीत होती. ती गेली. तो भट्टीवर होता, मी त्या रस्त्याने जाणे टाळू लागलो. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही ईदेला गळाभेट घेत आलो, मुलांच्या लग्नाकार्यात एका पंगतीला जेवलो, पण या गोष्टीचा उच्चार दोघांनीही केला नव्हता.

तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, “पंधरा दिवस वाट पाहिली. मग वाटले, तुला शरम वाटते आहे, आपण कशाला विचारा.” आणि माझा हात ओढत म्हणाला, “ऊठ. आता शंभर चाल, पन्नास धाव. मी मोजतो.”

तीन तास उलटून गेल्यावर आम्ही पोलीस परेड ग्राउंडवर पोहोचलो. पदके गळ्यात पडली. टेम्पोत बसल्यावर त्याने विचारले, “मास्तर, तो फॉर्म अजून निघतो का रे? वयाची अट आहे?”

कमीत कमी वयाची अट आहे. जास्तीत जास्त वयाची नाही, असे मी सांगितले. आता तो फॉर्म संगणकावर भरतात. या खेपेस मी त्याच्या शेजारी बसून तो भरला, त्याच्या शाळा सोडल्याचा जुना दाखला शाळेत जाऊन मीच काढून आणला. दाखल्यावरचे शाळेचे नाव वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही.

येत्या परीक्षेस तो बसतो आहे. इतिहास आणि मराठी मी घेतो. गणिताला त्याला माझी गरज नाही, उलट परवा माझ्या धाकट्याचे एक उदाहरण त्यानेच भट्टीपुढे उभ्या उभ्या सोडवून दिले. सकाळचे धावणेही चालू आहे. परीक्षेच्या केंद्रापर्यंत सोडायला येतो म्हणालो, तर म्हणतो, “ये, पण दारापर्यंत बरोबर चालायचे. पुढे पळायचे नाही.”