ग्रंथपालाचा दिवस आणि त्याचा रविवार



ग्रंथपाल म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. शांत दालन, टेबलाशी चष्मा लावून बसलेला एक अबोल गृहस्थ, आणि दिवसभर फुकट वाचावयास मिळणारी पुस्तके. किती सुखाची नोकरी, असे म्हणून लोक त्याचा हेवाही करतात. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. दिवसभर पुस्तकांच्या सान्निध्यात राहूनही ज्याला पुस्तक वाचावयास सवड मिळत नाही, असा मनुष्य पाहावयाचा असेल तर तो ग्रंथपालच होय.

हा व्यवसाय खरोखर कसा असतो हे समजून घेण्यास एका शिक्षकाचेच उदाहरण उपयोगी पडेल. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक होते. तंजावर जिल्ह्यातील शियाळी हे त्यांचे गाव, जन्म १८९२ सालचा. मंगळूर व कोइमतूर येथे शिकवून पुढे ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना आपले पहिले ग्रंथपाल नेमले. पगार बरा होता. पण ज्याला वर्गातील मुलांच्या गजबजाटाची सवय, त्याला ते सुने दालन खावयास उठले. वाचक मोजके, बोलावयास कोणी नाही. थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले आणि परत वर्गावर घ्या म्हणाले. प्राचार्यांनी तोड काढली: विद्यापीठ ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी विलायतेस पाठवीत आहे, तेथे जाऊन यावे, परत आल्यावरही मन रमले नाही तर कॉलेजची जागा आहेच.

लंडनला त्यांचे सुमारे नऊ महिने गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स ह्यांच्याजवळ ते शिकले. सेयर्स हे क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख. तेथे व इतरत्र शेकडाभर ग्रंथालये पाहताना रंगनाथन ह्यांच्या ध्यानात आले की, तिकडील ग्रंथालय हे पुस्तकांचे कोठार नसून गावाचे एक चालते अंग आहे. गिरणीतला कामगार तेथे येतो, बाजार करून परतणारी गृहिणी येते, शाळा सुटल्यावर मुले येतात. वर्ग सोडून आलो म्हणून ज्यांना खंत वाटत होती, त्यांना येथे वर्गापेक्षा मोठा वर्ग दिसला. १९२५ साली ते मद्रासला परतले आणि प्राचार्यांनी राखून ठेवलेल्या जागेची त्यांना पुन्हा कधी आठवण झाली नाही.

लंडनमधील एक प्रसंग शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावा असा आहे. सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात मेकॅनो ह्या खेळण्याचे प्रात्यक्षिक चालले होते. त्याच भोके पाडलेल्या पट्ट्या, त्याच दोऱ्या आणि तेच स्क्रू. पण जुळणी बदलली की नवे खेळणे तयार होई. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांनी बनविता येईल, असे रंगनाथन ह्यांना सुचले. विषयाचे निरनिराळे पैलू सुटे मांडावयाचे आणि कोलन ह्या विरामचिन्हाने ते स्क्रूसारखे जोडावयाचे. ह्यातून त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती जन्मास आली व १९३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मुलांच्या खेळण्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या मोठ्या माणसांस ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

आता ग्रंथपालाचा दिवस कसा जातो ते पाहू. पुस्तकांचे गठ्ठे आले की ते बिलाशी ताडून पाहावयाचे, पाने उलटीसुलटी लागली नाहीत ना ह्याची खात्री करावयाची, दाखल नोंदवहीत प्रत्येकास क्रमांक द्यावयाचा आणि शिक्के मारावयाचे. मग खरे डोके लागते ते वर्गांक देण्यास. ‘शेतीतील गणित’ असे पुस्तक आले तर ते शेतीच्या फडताळात ठेवावे की गणिताच्या? चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवलेल्या पुस्तकाहून वाईट, कारण नोंदवहीत ते आहे असे दिसते आणि वाचकाला मात्र मिळत नाही. नंतर लेखकाच्या नावाचे एक पत्र, पुस्तकाच्या नावाचे दुसरे, विषयाचे तिसरे, अशी सूचिपत्रे तयार करावयाची. आज हे काम पुष्कळ ठिकाणी संगणकावर होते. पण विचार करण्याचे काम संगणक आल्यामुळे चुकलेले नाही.

इतके होईतो वाचक येऊ लागतात. कोणी म्हणतो, ‘मागे एकदा नेले होते ते निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक द्या.’ कोणाला स्पर्धा परीक्षेचे काही हवे असते, पण नेमके काय हे त्यालाच ठाऊक नसते. कोणी सातबाऱ्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतो. वाचक जे मागतो ते आणि त्याला जे हवे असते ते ह्यांत पुष्कळदा अंतर असते. दोन-चार प्रश्न हळुवारपणे विचारून ते अंतर मिटविणे हे ग्रंथपालाच्या कामाचे मर्म आहे. मुलाची अडचण त्याच्या चुकलेल्या उत्तरावरून ओळखणारा शिक्षक हेच करीत असतो. संध्याकाळी परत आलेली पुस्तके जागच्या जागी लावली की दिवस संपतो.

रंगनाथन ह्यांचा दिवस मात्र तेव्हाही संपत नसे. मद्रासला असताना ते रोज सुमारे तेरा तास काम करीत, आणि तेही आठवड्याचे सातही दिवस. वीस वर्षांत त्यांनी रजा म्हणून घेतली नाही. विवाहविधी उरकल्यावर त्याच दिवशी दुपारी ते ग्रंथालयात हजर झाले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. हा आदर्श जसाच्या तसा सर्वांनी गिरवावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरच्या माणसांचाही माणसाच्या वेळेवर काही हक्क असतो. परंतु त्या रविवारच्या कामामागील तर्क नाकारता येत नाही. ज्या दिवशी लोकांना सुट्टी, त्याच दिवशी त्यांना वाचावयास फुरसत. म्हणून ग्रंथालयाचे दार त्या दिवशी उघडे हवे. आपल्याकडील गावच्या वाचनालयाचा ग्रंथपालही हे जाणतो. शेतकरी रानातून परतल्यावर येणार, म्हणून तो संध्याकाळी दिवा लावून बसतो, आणि मानधन तुटपुंजे असूनही लोकांच्या सुट्टीदिवशी दार बंद ठेवीत नाही.

ग्रंथालयाची पाच सूत्रे रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. त्यांचा आशय असा की, ग्रंथ वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावयास हवा. वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे. आणि ग्रंथालय हे वाढत राहणाऱ्या सजीवासारखे असते. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील मन्नारगुडी येथून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी आसपासच्या खेड्यांत फिरू लागली. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हा विचार त्या गाडीच्या चाकांवर बसून खेड्यात पोचला.

पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र दिसावयास अगदी साधे आहे. इतके साधे, की ते सांगावे तरी कशास, असे वाटेल. परंतु प्राथमिक शाळेतील लोखंडी कपाटाकडे वळून पाहिले म्हणजे ते का सांगावे लागते हे कळते. पुस्तके आहेत, विविध योजनांतून आलेली, चित्रांची, चांगल्या कागदाची आहेत. कपाटास कुलूप आहे, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आहे, आणि पुस्तकांना नव्याचा वास अजून तसाच आहे. ह्याचा दोष केवळ शिक्षकाच्या अनास्थेवर ढकलणे सोपे असले तरी खरे नव्हे. शिक्षकाची भीती खरी असते. मुलाने पुस्तक फाडले, पावसात भिजविले किंवा हरविले, तर बदलीच्या वेळी पदभार देताना संग्रह नोंदवहीतील आकडा जुळणार नाही, आणि किंमत आपल्या अंगावर पडेल, अशी ती भीती आहे. तपासणीस येणारा अधिकारीही बहुधा एवढेच विचारतो की पुस्तके किती आहेत. देवघेव नोंदवही मागून, ह्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, असे विचारणारा अधिकारी क्वचितच भेटतो. ज्याची तपासणी होते तेच जपले जाते. त्यामुळे आकडा जपला जातो आणि वाचन राहून जाते.

येथे हिशेब नीट मांडावयास हवा. दहा मुलांनी हाताळून फाटलेले पुस्तक आपले काम करून गेलेले असते. कपाटात कोरे राहून वाळवीने खाल्लेले पुस्तक संपूर्ण वाया गेलेले असते, मग नोंदवहीत त्याचा आकडा कितीही बरोबर असो. वापराने जीर्ण झालेल्या वस्तूंच्या निर्लेखनाची रीत कार्यालयीन व्यवहारात आहेच. फाटलेले पुस्तक, त्याची देवघेव नोंद आणि मुख्याध्यापकांचा शेरा एकत्र ठेवून वेळच्या वेळी रीतसर प्रस्ताव पाठविल्यास पुढे पदभाराच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही. वापराची नोंद नसलेल्या पुस्तकाबद्दल मात्र काहीच सांगता येत नाही. म्हणून देवघेव नोंदवही हे शिक्षकाचे ओझे नसून त्याचे संरक्षण आहे. ती चौथीच्या मुलांनीच लिहावी; तारीख, नाव, पुस्तकाचा क्रमांक आणि परतीची तारीख एवढे चार रकाने पुरेत. मुले ही जबाबदारी मोठ्या माणसांहून काटेकोरपणे पाळतात.

ग्रंथपालांचे छंद हा खरे तर स्वतंत्र विषय व्हावा. सुट्टीच्या दिवशी हा मनुष्य बहुधा जुन्या बाजारात सापडतो. कोणी दिवाळी अंकांचे संच पुरे करीत असतो, कोणी वर्तमानपत्रांतील कात्रणे विषयवार चिकटवीत असतो, कोणी गावातील जुन्या घरांतून पोथ्या व छापील पुस्तके ह्यांची यादी करीत हिंडतो. यादी करण्याचा नाद तर ह्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेला असतो आणि परके लोक त्याला हसतात. परंतु शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची १९४४ साली प्रसिद्ध केली, ती उघडल्यावाचून त्या काळच्या मराठी ग्रंथांचा अभ्यासक आजही पाऊल टाकू शकत नाही. रंगनाथन ह्यांच्या बाबतीत काम आणि छंद ह्यांमधील रेषा पुसूनच गेली होती. मद्रास सोडल्यावर बनारसच्या हिंदू विद्यापीठात दोन वर्षांत त्यांनी लाखभर ग्रंथांचे वर्गीकरण केले. आयुष्यभराची बचत म्हणून जमलेले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले, आणि त्या अध्यासनास आपल्या पत्नीचे, शारदाबाईंचे, नाव जोडले. गणितही त्यांनी सोडले नव्हते. पंचाहत्तरीच्या सुमारास, १९६७ साली, त्यांचे रामानुजन ह्या गणितज्ञावरील पुस्तक निघाले. १९७२ साली बंगलोर येथे ते निवर्तले. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या जन्मदिनानिमित्त ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

शिक्षकाला ग्रंथपालाच्या छंदांपैकी एक सहज उचलता येईल, तो म्हणजे पुस्तकांची डागडुजी. शनिवारी शाळा सकाळची असते. शेवटच्या तासाला मुलांनी आठवड्यात परत आणलेली पुस्तके पुढ्यात घ्यावी, सुटलेली पाने क्रमाने लावावी, दुमडलेले कोपरे सरळ करावे. गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून घ्यावी. कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले तीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये, आणि वर्गात साधी ताजी खळच वापरावी. पुठ्ठा सुटलेला असेल तर आतून जुन्या धोतराच्या कापडाची पट्टी लावल्यास ती कागदाच्या पट्टीपेक्षा पुष्कळ टिकते. चिकटविलेली पुस्तके दोन पाट्यांमध्ये घालून वर जड वजन ठेवावे. मधला रविवार वाळण्यास पुरतो. सोमवारी परिपाठानंतर ती पुन्हा मुलांच्या हाती देता येतात.