अक्रोड कीं जायफळ?



अक्रोडाचें झाड आपल्या परसांत लावतां येईल काय, असा प्रश्न आमच्या आंजर्ल्यासारख्या समुद्रकांठच्या गांवींही कधीं कधीं विचारला जातो. काश्मीर किंवा कुमाऊं पाहून आलेली मंडळी तेथील डेरेदार वृक्षांचें वर्णन करितात आणि चार बिया आणून आगराच्या कडेला पुरतात. हेतु उत्तम आहे. परंतु झाडाचा स्वभाव जाणल्यावांचून केलेल्या लागवडींत श्रम मात्र पदरीं पडतात.

अक्रोड हा थंड प्रदेशांतला पानझडी वृक्ष आहे. हिंवाळ्यांत तो जणूं निजतो, आणि त्या निद्रेंतून नीट जागें होण्यास त्याला शेंकडों तासांची कडक थंडी लागते. ती न मिळाल्यास डोळे वेळेवर फुटत नाहींत व फळ धरत नाहीं. आमच्या किनाऱ्यावर पौष-माघांतही तशी थंडी पडत नाहीं. शिवाय पावसाळ्यांत मुळांशीं साचणारें पाणी त्याला मुळींच मानवत नाहीं. म्हणून येथें रोप उगवलें तरी फळाची आशा धरूं नये.

मग कठीण कवचाचें, मोलाचें आणि पुढच्या पिढीस पुरेल असें फळ आम्हांस वर्ज्यच काय? नाहीं. आमच्यासाठीं तें काम जायफळ करितें. हें झाड मूळचें मोलुक्का समूहांतील बांदा बेटांचें. त्याच्या व्यापारासाठीं युरोपीय राष्ट्रें एकमेकांशीं लढलीं. १६६७ च्या ब्रेडा येथील तहानें रुन नांवाचें चिमुकलें जायफळाचें बेट डच लोकांकडे राहिलें, आणि आज जेथें न्यूयॉर्क उभें आहे तें मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलें. ज्या झाडासाठीं एवढा खटाटोप झाला, तें आमच्या नारळी-पोफळींच्या सांवलींत सुखानें वाढतें.

या सांवलीचीच गोष्ट आज मुख्यतः सांगावयाची आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें आणि दापोली व मंडणगड तालुक्यांतील आगरें कांहीं तासांत उजाड झालीं. माड मोडले, पोफळी आडव्या झाल्या, जायफळेंही उन्मळलीं. जीं उभीं राहिलीं, त्यांच्या डोक्यावरचें छत्र गेलें. अशा वेळीं आगर विकून मोकळें व्हावें, असें कित्येकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. ज्यांनीं तें विकलें नाहीं, त्यांनीं लागवडीचा क्रम मात्र संभाळला पाहिजे.

उघड्या उन्हांत जायफळ लावूं नये. आधीं माड व पोफळी लावाव्या आणि त्यांच्यामध्यें केळी घालाव्या. केळ वर्षभरांत सांवली धरते. तिच्या आडोशाला जायफळाचें रोप ठेवावें. माड २५ फुटांवर असल्यास चार माडांच्या मध्यभागीं एक जायफळ पुरे. आळ्यांत ओल सदैव असावी, पण पावसाचें पाणी वाहून जाण्यास चर हवा. उन्हाळ्यांतलें शिंपणें चुकवूं नये.

दुसरी गोष्ट अशी, कीं जायफळांत नर व मादी झाडें बहुधा निराळीं असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारें निम्मीं नर निघतात, आणि तें कळण्यास फुलें येईपर्यंत, म्हणजे ६ ते ८ वर्षें, थांबावें लागतें. इतकीं वर्षें पाणी घालून फळ न देणारेंच झाड हातीं यावें, ही मोठी हानि होय. यास्तव मादी झाडाचें कलम लावावें, आणि सुमारें दहा माद्यांमागें एक नर ठेवावा. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण सुगंधा’ ही जात दिली आहे. तिच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारचीं फुलें येतात. ज्याच्या परसांत एकाच झाडास जागा आहे, त्याला ती सोयीची. कलम घेतांना काडी उभ्या शेंड्याची आहे कीं आडव्या फांदीची, हें अवश्य विचारावें. आडव्या काडीचें झाड उंच न होतां पसरतें.

फुलापासून फळ पिकण्यास सुमारें नऊ महिने लागतात. फळ आपण होऊन उकललें, कीं आंत लाल जायपत्री दिसते. ती हलक्या हातानें सोडवून निराळी वाळवावी. बी कवचांत खुळखुळूं लागेपर्यंत सुकवावें. वरची साल फेंकूं नये. तिचें लोणचें व मुरंबा होतो.

भर उत्पन्नास पंधरा-वीस वर्षें लागतात, हें ऐकून माझ्या वयाचे लोक हंसतात. मीं साठी ओलांडली आहे. तो हिशेब मलाही कळतो. परंतु वादळांत पडलेले माड आमच्या आजोबा-पणजोबांनीं लाविले होते, आणि त्यांचे नारळ आम्हीं खाल्ले. मुंबईस राहणारा मुलगा गणपतीला घरीं येतो, तेव्हां त्याच्या हातून एक कलम लावून घ्यावें व पुढें शिंपणें आपण संभाळावें. आगर टिकविण्यास एवढा आरंभ पुरेसा आहे.