प्रेक्षक की निरीक्षक?



निवडणुका आल्या की आपल्या रायपूरच्या हिंदी वृत्तपत्रांत 'सामान्य प्रेक्षक' व 'व्यय प्रेक्षक' यांच्या आगमनाची वार्ता येते. महाराष्ट्रातून तात्यापाऱ्यात आलेला पाहुणा ती वाचून थबकतो. ('पारा' म्हणजे आपला पाडा, थर्मामीटरातला पारा नव्हे, हे त्याला आधीच समजावून द्यावे लागलेले असते!) मराठीतला प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीवर बसतो, टाळ्या वाजवितो, फार तर मध्यंतरात कुरकुरतो. इकडच्या प्रेक्षकाचा अधिकार मोठा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली जी दुरुस्ती झाली तिच्यान्वये, बऱ्याच मतदान केंद्रांवर बळजबरीने कबजा झाल्याचे दिसल्यास, निकाल जाहीर होण्यापूर्वी मतमोजणी थांबविण्यास तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला सांगू शकतो. महाराष्ट्रात याच गृहस्थांना 'निवडणूक निरीक्षक' म्हणतात.

हिंदीने शब्द चुकीचा योजला, असे आम्ही म्हणणार नाही. 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्याला 'परि' लागला की परीक्षक, 'सम्' लागला की समीक्षक, 'निर्' लागला की निरीक्षक. आणि 'उप' लागला की उपेक्षा, म्हणजे पाहूनही न पाहणे. 'प्रेक्षा' या संस्कृत शब्दात पाहण्याबरोबर विवेकही आहे; 'प्रेक्षावान' म्हणजे विचारी मनुष्य. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत याची चांगली लांबलचक यादी आहे. त्या कसोटीला आपल्यापैकी किती उतरतील, हा प्रश्न आज नको! नाटकवेड्या मराठीने हा शब्द नाट्यगृहात नेऊन बसविला आणि तो तेथून उठलाच नाही, इतकेच.

अडचण निराळीच आहे. इंग्रजी शब्द मराठीत शिरला तर परका म्हणून ओळखू येतो. हिंदीतला संस्कृत शब्द आपल्याच वेषात येतो, लिपीही तीच. त्यामुळे अर्थ बदलल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'शिक्षा' शब्दाचे उदाहरण सर्वांना पाठ आहे. पण आपल्यापैकी कोणी कचेरीतल्या सवयीने 'साहेबांनी कामाची समीक्षा केली' असे पत्रात लिहिले, तर नागपूरच्या काकांना साहेब साहित्यिक असल्याचा भास होतो. त्यांच्याकडे कामाचा 'आढावा' घेतात.

याहून अधिक खंत वाटते ती 'बघ्या' या शब्दाची. अपघाताभोवती गर्दी करतो, पण जखमीला हात लावीत नाही, तो बघ्या. आपल्या घरांतील मुले त्याला 'दर्शक' म्हणू लागली आहेत. शब्द सभ्य आहे, परंतु 'बघ्या' म्हणताना त्या मनुष्याला जो बोल लागतो, तो 'दर्शक' म्हणताना लागत नाही. हिंदीत 'तमाशबीन' आहे, पण तमाशा ही ज्यांची लोककला, त्यांनी तो कसा वापरावा?

मंडळाच्या हिंदी पत्रव्यवहारात 'प्रेक्षक' खुशाल लिहावे. मराठी सूचनाफलकावर मात्र 'निरीक्षक' असावे, अशी आमची सूचना आहे. कार्यकारिणीच्या येत्या निवडणुकीपासून आरंभ करता येईल.