लावणी आणि आपली घरे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आम्ही यापूर्वी दोन वेळा बोललो आहो. पहिल्या वेळी शुद्धलेखनावर बोललो आणि दुसऱ्या वेळी विवाहातील अनाठायी खर्चावर. पहिल्या भाषणाचा परिणाम आपल्या स्मरणिकेच्या पानांवर अद्याप दिसावयाचा आहे, आणि दुसऱ्याचा आपल्या मांडवांत. या खेपेस विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी दिली. लावणीगायिका सुलोचना चव्हाण यांच्या पूर्वायुष्यावर व कारकिर्दीवर बोलावे असे आम्ही त्यांस कळविले, तेव्हा ते किंचित थांबून म्हणाले, "गुरुजी, संमेलनास बायकामुले असतात." त्याच कारणास्तव हा विषय घेतला आहे.

सभेपूर्वी दोघातिघांनी आम्हांस बाजूस घेऊन, त्या बाई कोणत्या ज्ञातीच्या, असेही विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. त्यांचे गाणे कानी पडल्यावर मान डोलविण्यापूर्वी आपल्यापैकी कोणी हा प्रश्न विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.

सुलोचनाबाई पूर्वाश्रमीच्या सुलोचना कदम. जन्म १९३३ चा, आणि बालपण मुंबईत गिरगावच्या फणसवाडीतील चाळीत गेले. मेळा म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते. त्या काळी गणेशोत्सवात मुलामुलींचे संच पदे म्हणत, लहानसहान नाट्यप्रवेश करीत, आणि चाळीचाळींतून त्यांचे कार्यक्रम होत. असा एक मेळा सुलोचनाबाईंच्या घरचाच होता. त्याचे नाव श्रीकृष्ण बाळमेळा. रंगभूमीची पहिली पायरी त्यांना घराच्या उंबरठ्यातच सापडली असे म्हणावयास हरकत नाही. शास्त्रोक्त गायनाची तालीम मात्र त्यांना मिळाली नाही. ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, ऐकलेले घोकावे, आणि गळ्यात उतरले की नाही हे पुन्हा ऐकून पाहावे, हीच त्यांची शाळा.

या शाळेतील एक धडा घरी रुचत नसे. त्या वेळी वत्सलाबाई कुमठेकर यांच्या लावणीची मुद्रिका लोकप्रिय होती आणि ही मुलगी ती लावणी दिवसभर गुणगुणत असे. त्यावरून मातोश्रींची बोलणी खावी लागत. घरंदाज मुलीने लावणी तोंडात आणू नये असा त्यांचा दंडक. ज्या घरात स्वतःचा मेळा होता, त्या घरातही लावणीला दार बंद होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. तिच्या जागी आपल्या घरातील कोणतीही आई असती तरी हेच बोलली असती, आणि आम्ही स्वतः काय बोललो ते पुढे सांगणारच आहो.

शाळकरी वयातच सुलोचनाबाई चित्रपटांसाठी गाऊ लागल्या. आरंभ हिंदी चित्रपटापासून झाला. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, की 'सुलोचना कदम' या नावाने त्यांनी हिंदीत बरीच गीते गायिली, आणि १९५१ च्या 'ढोलक' चित्रपटातील त्यांचे श्यामसुंदर यांच्या संगीतातील गीत जुन्या गाण्यांचे दर्दी आजही आठवणीने लावतात. ते हळुवार गीत प्रथम ऐकले तेव्हा हाच तो लावणीचा गळा, यावर आमचा विश्वास बसेना. तात्पर्य, लावणी ही त्यांची लाचारी नव्हती. दुसरे काही येत नव्हते म्हणून त्या तिकडे वळल्या, असे कोणी म्हणू नये.

त्याच १९५१ साली आचार्य अत्रे यांच्या 'हीच माझी लक्ष्मी' या चित्रपटासाठी वसंत देसाई यांनी त्यांच्याकडून लावणी गाऊन घेतली; पडद्यावर ती हंसा वाडकर यांच्या वाट्याची होती. पुढे 'कलगीतुरा' या चित्रपटासाठी राजा बढे यांच्या लावण्या त्या गायिल्या. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण. त्यांच्याशीच सुलोचनाबाईंचा विवाह झाला आणि कदमांच्या त्या चव्हाण झाल्या. श्यामरावांना त्या आपले गुरू मानीत. शब्द कोठे तोडावा, कोणत्या अक्षरावर भार द्यावा, अर्थ ध्यानी घेऊन ओळ कशी टाकावी, हे त्यांनी शिकविले. माहेरी जे गाणे निषिद्ध, ते सासरी पतीने समोर बसवून शिकवावे, हा योग आपल्याकडे विरळाच. 'लावणीसम्राज्ञी' हे बिरुद त्यांना आचार्य अत्र्यांनी दिले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

या गळ्याचे मागणे एकाएकी का वाढले, त्याला कारण आहे. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' निघाला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. मग तमाशापटांची रांगच लागली. संगीतकार वसंत पवार यांच्या चाली, ढोलकीचा कडकडाट आणि पडद्यावर जयश्री गडकर. १९६२ चा 'रंगल्या रात्री अशा', १९६४ चा 'सवाल माझा ऐका', १९६५ चा 'मल्हारी मार्तंड', यांतील सुलोचनाबाईंच्या लावण्यांनी महाराष्ट्र दुमदुमला. यांपैकी पहिल्या चित्रपटातील लावणी जगदीश खेबुडकर यांची, आणि चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेले ते पहिलेच गीत. खेबुडकर पेशाने शिक्षक होते, हे आम्ही थोड्या अभिमानाने सांगतो. सकाळी वर्गात व्याकरण आणि रात्री लावणी, असे त्यांचे चालले असेल काय, या विचाराने आम्हांस नोकरीच्या काळात पुष्कळदा करमणूक लाभली आहे.

आमचे बालपण याच गाण्यांखाली गेले. गावात लग्न निघाले की कडुनिंबाच्या फांदीस कर्णा बांधीत. प्रथम सनई लागे, मग भक्तिगीते, आणि वऱ्हाडाची जेवणे आटोपली की लावणी. वडीलधारी मंडळी पान लावीत ऐकत. बायका परसात भांडी घाशीत ऐकत. कोणी कोणास उठवीत नसे. कर्ण्यातून येणाऱ्या लावणीचा विटाळ कोणासही झाला नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची धाकटी बहीण फार चांगली गात असे. नव्याने शिक्षक होऊन आम्ही पहिल्या पगाराचे पैसे वडिलांच्या हाती ठेवले, त्याच वर्षी तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात लावणी म्हणावयाची होती. ती कर्ण्यावर ऐकूनच तिने बसविली होती, आणि तिच्या बाईंची संमतीही होती. वडिलांनी आमचे मत विचारले. शिकलेला मुलगा म्हणून विचारले. आम्ही म्हणालो, "लोक नावे ठेवतील, उद्या हिचे लग्न करावयाचे आहे." तिने वाद घातला नाही. त्या संमेलनात ती समूहगीतात तिसऱ्या ओळीत उभी राहिली. पुढे तिचे लग्न झाले, सर्व यथास्थित झाले. मात्र हळदीची गाणी सोडता तिने कधी तोंड उघडलेले आम्ही ऐकले नाही. आज ती या सभागृहात बसली आहे. हे सांगण्याची परवानगी आम्ही तिच्याकडून काल मागितली. ती म्हणाली, "सांग, दादा. पण रडू नकोस."

असो. त्या वेळी आम्ही काय अडविले हे आम्हांस कळत नव्हते, म्हणून लावणीच्या कामगिरीविषयी दोन शब्द बोलतो. लावणी हे नृत्याचे गाणे. फडावर नाचणारी आणि गाणारी समोरासमोर असतात, बहुधा एकच असते; पाऊल, नजर आणि ढोलकीची थाप परस्परांस सांभाळून घेतात. चित्रपटात गाणारी बाई अगोदर ध्वनिमुद्रण करते. नाचणारी तिच्यापुढे नसते. तेव्हा पुढे कोणी तरी कोठे वळेल, पदर कोठे सावरेल, त्याच्या जागा गळ्यानेच राखून ठेवाव्या लागतात. शिवाय त्या काळी सारा वाद्यवृंद आणि गायिका एकत्रच मुद्रण करीत; एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा आरंभ करावयाचा. सुलोचनाबाईंच्या लावणीतला जो ठसका आपण म्हणतो, तो नुसता आवाजाचा नव्हे. शब्द सुटा आणि स्वच्छ, जोड ओळ संपता संपता एक क्षणभर रोखलेला श्वास, आणि मग ढोलकीला मोकळी वाट. शिक्षक म्हणून सांगतो, इतके शुद्ध उच्चार आम्ही वर्गात क्वचित ऐकले.

आणि हे सारे त्या डोक्यावर पदर घेऊन गात. जाहीर कार्यक्रमातही दोन्ही खांद्यांवर पदर असे. हातवारे नाहीत, नेत्रपल्लवी नाही. म्हणून आपण त्यांस सहज आदर दिला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या निवर्तल्या, तेव्हा घरोघरी हळहळ झाली. हे योग्यच झाले. परंतु येथे आमच्या मनात एक काटा आहे, तो लपविणे बरे नव्हे.

सुलोचनाबाईंहून दोनच वर्षांनी धाकट्या विठाबाई नारायणगावकर, जन्म १९३५. त्यांची लावणी तमाशाच्या फडावरची, पायांत घुंगरू बांधून. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचाही गौरव झाला होता. तमाशा चालू असताना त्यांना प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या, बाळ जन्मले, आणि लोक खोळंबले म्हणून त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत. सुलोचनाबाईंनी ज्या झऱ्याचे पाणी घरोघर पोहोचविले, तो झरा अशा बायकांनी राखला होता. आपण घागरीची पूजा केली आणि विहिरीकडे जाणारी वाट निषिद्ध मानली. पदराखालच्या लावणीस आपण कला म्हणतो आणि घुंगरांच्या लावणीस काय म्हणतो, हे येथे उच्चारण्याची आवश्यकता नाही. आम्हीही तेच म्हणत होतो.

हे सर्व आज बोलण्याचे निमित्त असे. आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे यंदा एका मुलीचा अर्ज आला आहे. ती महाविद्यालयात दुसऱ्या वर्षास आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात ती लावणी गाते आणि नाचतेही. तिला पुढे लोककलेचे शिक्षण घ्यावयाचे आहे. निधीच्या नियमांत केवळ 'उच्च शिक्षण' असा शब्द आहे. कोणत्या विषयाचे, ते लिहिलेले नाही. कार्यकारी मंडळाच्या गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले, की मंडळाच्या पैशाने मुलगी नाचविली असे होऊ नये. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, आणि त्यांचे ते शब्द आमच्या परिचयाचे आहेत; पहिल्या पगाराच्या वर्षी ते आमच्याच तोंडी होते.

अर्जावर निर्णय येत्या महिन्याच्या बैठकीत व्हावयाचा आहे. आम्ही आपले मत चिटणीसांकडे लेखी दिले आहे, आणि निधीस आमच्या निवृत्तिवेतनातून अकरा हजार रुपये. ती रक्कम या अर्जाशी निगडित नाही. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मागणार नाही, हे मुद्दाम स्पष्ट करतो.

भाषण लांबले. भोजनाची वेळ झाली आहे, आणि त्यापूर्वी महिला शाखेचा करमणुकीचा कार्यक्रम आहे. कार्यक्रमपत्रिकेत नसलेले एक नाव आज सकाळी चिटणीसांनी त्यात घातले आहे. आमच्या भगिनीचे. ती काय म्हणणार ते तिने आम्हांस सांगितलेले नाही. ढोलकीवाले आले असल्यास त्यांनी कृपया पुढे यावे.