ओहोटीच्या वेळची शाळा



पेण-रोह्याकडील माणसाला समुद्र परका नाहीं. रोह्याची कुंडलिका रेवदंड्यापाशीं समुद्राला मिळते. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी पसरली आहे. अशा या मुलुखांत मीं आयुष्यभर मुलांना निसर्गविज्ञान शिकविलें. तें मात्र चार भिंतींच्या आंत, फळा आणि खडू यांच्या आधारानें.

एकदां माशांचा पाठ चालला असतां मीं फळ्यावर लिहिलें, ‘मासा पाण्याबाहेर जगत नाहीं.’ खाडीकांठच्या गांवाहून येणारा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, निवटा तर चिखलावर उड्या मारतो.” वर्ग हंसला आणि मीं त्याला खालीं बसविलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें तांब्यांत घालून निवटा आणला, तेव्हां वर्गांत घाण नको म्हणून मीं तो तांब्या बाहेर ठेवावयास लावला. आंत डोकावूनहि पाहिलें नाहीं. निवटा आपलें अंग ओलें राखून कातडीवाटे व तोंडाच्या आंतील त्वचेवाटे हवेंतला प्राणवायु घेतो, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

माझी चूक केवढी होती हें उमगलें तें सागरी जीवशास्त्राच्या जुन्या केंद्रांविषयीं वाचतांना. १८७२ सालीं आंटोन डोर्न यांनीं इटलींत नेपल्स येथें असें केंद्र उभारण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षीं लुई अगासी यांनीं अमेरिकेंतील पेनिकीज या लहानशा बेटावर उन्हाळी शाळा भरविली. तिचे सुमारें ५० विद्यार्थी बहुतेक शाळामास्तर व शिक्षिकाच होते! पुस्तक मिटा आणि प्राणी पाहा, असा अगासींचा आग्रह असे. ती शाळा दोन उन्हाळ्यांतच बंद पडली. परंतु १८८८ सालीं जवळच वुड्स होल येथें सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली आणि ती आजहि चालू आहे.

तेथील विद्यार्थिजीवन कसें असे, याचा उत्तम नमुना म्हणजे अर्नेस्ट जस्ट. हे कृष्णवर्णीय गृहस्थ वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत शिकवीत. १९०९ सालच्या उन्हाळ्यांत ते प्रथम वुड्स होलला गेले आणि पुढें सुमारें २० उन्हाळे जात राहिले. वर्षभर गुरु आणि उन्हाळ्यांत शिष्य! नेरीस नांवाचा समुद्रांतील एक किडा कोणत्या रात्रीं अंडीं घालण्यास वर येतो, हें पाहण्यासाठीं रात्रीं धक्क्यावर कंदील धरावयाचा, प्रकाशाभोंवतीं गरगर फिरणारे नर जाळीनें टिपावयाचे, माद्यांची वाट पाहावयाची, आणि मग अंडीं स्वच्छ समुद्रजलांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळावयाचीं. कांचेचें भांडें निर्मळ असलेंच पाहिजे, हा जस्ट यांचा कटाक्ष प्रसिद्ध होता. त्यांनीं व त्यांचे गुरु फ्रँक लिली यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें कीं, हे थवे मुख्यतः पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत, म्हणजे कृष्णपक्षांत, येतात. १९१६ सालीं जस्ट यांना शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली; तरी कातडीच्या रंगामुळें गोऱ्यांच्या विद्यापीठांत अध्यापकाची जागा त्यांना मिळाली नाहीं.

हें वाचलें आणि माझ्या मनांत तो तांब्या उभा राहिला. तिथीवरून समुद्राची चाल ओळखणें हें आमच्या कोळ्या-आगऱ्यांच्या पोरांना बाळपणापासून ठाऊक! अष्टमीची भांग आणि अमावास्येचें उधाण त्यांना पंचांग न उघडतां कळतें. आपल्याकडेहि किनाऱ्याचा अभ्यास झालाच नाहीं असें नाहीं. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्रा. आवटी यांनीं एका सहकाऱ्यासह कालवांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या कालवांची आमटी आपण भुरकतों, त्यांच्या अंगरचनेवर एक ग्रंथ होतो, हें माझ्या विद्यार्थ्यांना मीं कधीं सांगितलेंच नव्हतें.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मीं एक नियम केला. अमावास्या किंवा पौर्णिमा साधून, सकाळीं सहा-सातच्या सुमारास पाणी ओसरलेलें असतां, वर्ग खाडीवर न्यावयाचा. तेथें खाडीकांठचीं मुलें गुरु होत आणि मी वही-पेन्सिल घेऊन मागून चालत असें. कुर्लीचें बीळ कोणतें, निवट्याचें कोणतें, शिंपली चिखलांत किती खोल असते, हें सारें तीं सांगत. गांवांतलीं मुलें प्रथम नाकाला रुमाल लावीत. मग तोच रुमाल शिंपल्या बांधण्यास कामीं येई.

पहिला निवटा आणणारा तो मुलगा मात्र एव्हांना शाळा सोडून गेला होता. त्याची चूक नव्हती, माझी होती, हें त्याला सांगावयाचें राहून गेलें. म्हणून आज आपणांस सांगत आहें. आपल्या घरचें मूल उद्यां तांब्यांत किंवा डब्यांत कांहीं जिवंत घेऊन आलें, तर त्याला बाहेर धाडण्यापूर्वीं एकदां आंत डोकावून पाहा.