दोन पाण्यांचा हिशेब

हात आंखडला म्हणजे स्वयंपाकघरांतील काटकसर कोठून सुरू होते, हें पाहण्यासारखें आहे. भात कमी होत नाहीं. वरणांत पाणी वाढतें. पोट भरल्यासारखें वाटतें, मुलें उपाशी निजत नाहींत, आणि घर चालल्याचें समाधान मिळतें. परंतु जेथें पैसा वांचला असें वाटतें, तेथेंच पुष्कळदां शरीराचें भांडवल खर्चीं पडत असतें. ह्या प्रश्नाचा विचार करतांना भंडारा जिल्ह्यांतील साकोली तालुक्याच्या एकोडी गांवाकडे व त्याच्या भोंवतालच्या मुलखाकडे दृष्टि टाकणें उपयुक्त होईल. कारण स्वस्त अन्न म्हणजे काय, आणि तें महाग केव्हां पडतें, हे दोन्ही धडे तेथें एकाच शेतांत सांपडतात.

हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. भात हेंच तेथील मुख्य अन्न. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. तें सर्व तांदूळ धरिलें, तर रोजचे सुमारें १६७ ग्रॅम पडतात. कष्ट करणाऱ्या माणसाच्या गरजेचा हा चौथा हिस्साही नव्हे. शिवाय तांदुळांत प्रथिनें शेंकडा सातांच्या आसपासच. तांदुळांत ज्या घटकाची उणीव, तो डाळींत विपुल. डाळींत ज्याची उणीव, तो तांदूळ पुरवितो. आपल्या पूर्वजांनीं वरणाला भाताच्या शेजारीं बसविलें, तें केवळ चवीकरितां नव्हे. म्हणून तंगींत वरण पातळ करणें ही काटकसर नसून तोटा आहे.

आतां पहिलें पाणी. पुष्कळ घरांत भात भरपूर पाण्यांत शिजवून पेज ओतून देतात. कोंडा काढून शुभ्र केलेल्या तांदुळांत आधींच ब१ जीवनसत्त्व थोडें. तें पाण्यांत विरघळतें, आणि राहिलेलेंही मोरींत जातें. आयकमन ह्या डच वैद्यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, त्याच्या अखेरच्या काळांत, जावा बेटांत असें पाहिलें कीं, शुभ्र तांदुळावर ठेविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ दिला म्हणजे त्या सुधारतात. ह्या शोधाबद्दल त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. गृहिणीस ह्यांतून घेण्यासारखी गोष्ट सोपी आहे. तांदूळ फार वेळां चोळून धुवूं नये. पाणी मोजून घालावें. आणि पेज काढलीच, तर मीठ घालून ती पोरांस प्यावयास द्यावी. यास एक पैही लागत नाहीं.

दुसरें पाणी मात्र निराळें आहे. धानाचें पीक उभें असतांनाच, कापणीपूर्वीं थोडे दिवस, चिखलांत लाखेचें बीं फेंकतात. ह्यास उतेरा म्हणतात. नांगरट नाहीं, खत नाहीं, पाणी नाहीं. मागें राहिलेल्या ओलीवर पीक येतें. ही लाख, भंडाऱ्याकडील लाखोळी, डाळींत स्वस्त; तिचा कोंवळा पाला भाजीस येतो, डाळीचे वडे होतात, आणि प्रथिनें शेंकडा पंचविसांच्याही वर, म्हणजे तुरीहून अधिक. गरिबाला ह्याहून मोठें वरदान कोणतें?

परंतु ह्या वरदानांत एक विष लपलेलें आहे. १९६४ सालीं बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं तें द्रव्य लाखेच्या बियांतून वेगळें काढिलें. तें मज्जातंतूंस बाधतें. आहाराचा मोठा भाग लाखच असेल आणि असें दोनतीन महिने चाललें, तर पाय ताठरतात. माणूस काठीवर येतो, आणि गेलेली चाल सहसा परत येत नाहीं. स्लीमन नांवाच्या इंग्रज अंमलदारानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सागरकडील अशा गांवांची हकीकत दिली आहे. गहूं बुडाला, लाख तेवढी तगली. लोकांनीं तिच्यावर गुजराण केली, आणि पुढें तरुणांचे पाय लुळे पडले. म्हणजे रोगाचें मूळ केवळ दाण्यांत नव्हते. ताटांत दुसरें कांहीं नव्हतें, ह्यांतही होतें.

१९६१ सालीं केंद्र सरकारनें लाखेच्या विक्रीवर बंदी घातली. परंतु सर्व राज्यांनीं ती सारखी अमलांत आणिली नाहीं, आणि शेतांत पीक येतच राहिलें. पुढें रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी विषाच्या जाती निघाल्या. तरीही स्वयंपाकघरांतली खबरदारी सुटत नाहीं. लाख गरम पाण्यांत भिजवावी, तें पाणी फेंकावें; मग भरपूर पाण्यांत उकळून तेंही ओतून द्यावें. विषाचा बराचसा अंश त्याबरोबर जातो. तरीही ती रोज खाऊं नये. तूर, मूग, हरभरा ह्यांशीं पाळीपाळीनें आणावी, आणि भाताच्या जोडीनेंच खावी. शहरांतील गृहिणीनें सुटें, फारच स्वस्त बेसन वा डाळ घेतांना सावध असावें; लाखेची भेसळ तुरींत व हरभऱ्यांत होत आलेली आहे.

राहतां राहिली भाजी. पावसाळ्यांत तरोटा, घरामागें शेवगा, आंबाडी, वेळप्रसंगीं सुकविलेले झिंगे. एकोडीच्या बाजूचें ताट ह्यांनीं भरतें. शहरांत तरोटा न मिळाला, तरी शेवग्याचा पाला व मेथी मिळतेच, आणि वर पिळलेलें लिंबू पालेभाजींतील लोह अंगीं लागण्यास मदत करतें.

पैसा कमी असतां खर्च कोठें कापावा, असें विचारल्यास उत्तर असें कीं, चहा-साखर, तळण आणि बाजारचे पुडे आधीं कापावे; डाळ आणि पाला शेवटीं. भाताचें पाणी राखावें, लाखेचें टाकावें. इतकें सांभाळलें, तर तंगीचे दिवस मुलांच्या हाडांवर आणि मिळवत्याच्या पायांवर न लिहितां निघून जातात.